रिकाम्या खोक्यातला वारा

बंगळुरात आषाढ लागला की पहिल्यांदा कळतं ते दारांना. आमच्या मजल्यावरची सगळी दारं एकापाठोपाठ एक आपटतात, आणि मग प्रत्येक घरातून कोणीतरी कोणावर तरी ओरडतं की कडी का लावली नाहीस. वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीवर जाऊन बसतात. रस्त्यात नारळाची झावळी आडवी पडलेली असते आणि स्कूटरवाले तिला वळसा घालून जातात. पाऊस म्हणाल तर भुरभुर, नावापुरता. इथला आषाढ म्हणजे वारा. या महिन्यात इथे लग्नं नाहीत, वास्तुशांती नाहीत, साड्यांच्या दुकानांत सेल लागतो आणि मैदानांवर पतंग चढतात. पुण्यामुंबईहून आलेली मंडळी म्हणतात, बंगलोरची हवा काय छान आहे ना. छान आहे हो. पण आषाढात ती अंगावर येते, हे कोणी सांगत नाही.

हा वारा सुटला की मला भांडण आठवतं. साधंसुधं नाही, चांगलं महिनाभर पुरलेलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी खिडकीची काच थडथडायला लागली की माझा आवाज आपोआप चढतो. नवरा म्हणतो, तुझा आषाढ सुरू झाला. झाला तर झाला. मी नागपूरची आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात डोकं तापतं. माझं इकडे येऊन पावसाळ्यात तापायला लागलं, एवढाच काय तो फरक.

मी वाऱ्याचं गणित करते. नागपूरला आमच्या घरी हे अजून कोणालाही नीट समजलेलं नाही. काकांनी विचारलं होतं, “म्हणजे हवामान खात्यात आहेस का?” नाही म्हटलं. “मग पंख्याच्या कंपनीत?” शेवटी एकदा वैतागून मी घरातला पंखाच बंद करायला लावला आणि काकांना स्टुलावर चढवून पात्यावर बोट फिरवायला सांगितलं. बोट काळंकुट्ट झालं. “एवढा गरागरा फिरते, दिवसरात्र हवा फेकते, तरी पात्यावरची धूळ उडत नाही. काहून?” काकांना सांगता येईना. त्यात काही लाजायचं नाही, भल्याभल्यांनी आधी त्याचा विचार केला नव्हता. पात्याला खेटून असलेली हवा पात्याला चिकटूनच फिरते. पात्याच्या मानाने ती हलतच नाही. तिच्यावरचा पापुद्रा थोडा हलतो, त्याच्यावरचा जरा जास्त, आणि असं करत करत कुठेतरी वारा मोकळा सुटतो. या अडकलेल्या हवेच्या थराला पुस्तकात सीमास्तर म्हणतात. माझं पोट त्या थरावर चालतं.

पंख्याच्या पात्यावर तो कागदाएवढा असेल. जमिनीवर तोच थर शेकडो मीटर जाड असतो. घरं, झाडं, टाक्या, जाहिरातींचे फलक, सगळे त्या वाऱ्याला धरून ठेवतात, ओरबाडतात, त्याचे भोवरे करतात. उदबत्तीचा धूर वीतभर सरळ जातो आणि मग एकदम विस्कटतो, तसाच हा प्रकार, फक्त शहराएवढा. प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब ठेवायला जगातले सगळे संगणक जुंपले तरी पुरायचे नाहीत. म्हणून आम्ही अंदाज बांधतो. भोवरा न् भोवरा मोजायचा नाही, सगळ्या खळबळीचा मिळून परिणाम काय होतो तेवढं सूत्रात बसवायचं. वर्गात पोरं दंगा करत असली की मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून नुसत्या आवाजावरून ओळखतात ना, प्रकरण कितपत आहे ते, तसं. या अंदाजाला मी नावं ठेवत नाही. विमानं त्याच्याच भरवशावर उडतात. फक्त अंदाज करणाऱ्याला आपण अंदाज करतोय याची आठवण असावी लागते, आणि माझं भांडण तिथेच झालं.

तेव्हा आम्ही जे. पी. नगरात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली अक्का. अक्का म्हणजे आमची घरमालकीण. तिचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की आपण मूळचे साताऱ्याकडचे की तंजावरकडचे यावर त्यांच्याच घरात दोन पक्ष होते. मराठी घरात बोलायची, पण तिचं मराठी ऐकताना मला सुरुवातीला उपशीर्षकं लागायची. “स्वल्प मीठ कमी झालंय की गं” हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ती श्लोक म्हणतेय. आषाढात सकाळी दूध आणायला निघाली की कोपऱ्यावर नवीन उभ्या राहिलेल्या सहा मजली इमारतीपाशी ती थांबायची, पदर कमरेला खोचायची आणि कंपाउंडच्या भिंतीला हात लावून वळण घ्यायची. मी वरून बघायची. “हा वारा पूर्वी नव्हता,” म्हणायची. “बिल्डिंगेबरोबर आलाय. भाडं तरी घ्यायला पाहिजे त्याच्याकडून.”

माझं ऑफिस व्हाइटफील्डला. कंपनीची कॅब सकाळी न्यायची आणि तासन्‌तास रहदारीत उभी राहायची. बाहेर धूळ उडतेय, फ्लेक्स फाटून फडफडतायत, आणि आम्ही बंद काचांच्या आत डुलक्या काढतोय. ऑफिसही तसंच. न उघडणाऱ्या खिडक्या, एकाच तापमानाला गोठलेली हवा, आणि त्या कोंडलेल्या खोलीत बसून आम्ही वाऱ्याची गणितं करायचो. मला याची गंमत वाटायची. मी एकदा जेवताना तसं म्हणाले तर सलील म्हणाला, “मासे मारणाऱ्याने पाण्यात राहावं असं थोडंच आहे?” सलील आमचा प्रमुख, पुण्याचा, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. हुशार माणूस, आणि हजरजबाबी. हाताखालच्यांची काळजी घेणारा. तो वाईट होता असं सांगितलं की ही गोष्ट फार सोपी होते, म्हणून मी तसं सांगणार नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. व्हाइटफील्डच्या पलीकडे वृद्धांसाठी वसाहत होणार होती. दोन उंच इमारती शेजारी शेजारी. एकीत राहायच्या खोल्या, दुसरीत भोजनगृह, दवाखाना, वाचनालय. मधे फरसबंदीची वाट, दोन्ही बाजूंना झाडं. कागदावर इतकं सुरेख दिसत होतं की मी घरी येऊन अक्काला वर्णन करून सांगायची. फक्त दोन उंच भिंतींच्या फटीतून वारा दाबला जाऊन जोरात निघतो, तेव्हा त्या वाटेवर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होईल का, एवढं आम्ही सांगायचं होतं. रोज तीनदा त्यांना तिथून जायचं होतं. जेवायला.

आता आमच्या कामात चूक कशी होते ते सांगते, कारण तशी चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. संगणकात एक मोठं खोकं आखायचं. त्यात इमारती उभ्या करायच्या. खोक्याच्या एका तोंडातून वारा आत सोडायचा: जमिनीलगत मंद, वर जोरात, आणि त्यात शहरी वाऱ्यात असते तेवढी खळबळ कालवलेली. तो खोक्यातून वाहत इमारतींपर्यंत येतो, त्यांच्या भोवती घुसळतो आणि दुसऱ्या तोंडातून निघून जातो. चित्रं निघतात, हिरवी म्हणजे निवांत, तांबडी म्हणजे धोका. पण आमचा गट आधी मोटारींचं काम करायचा. मोटारींसाठी बनवलेला साचाच आम्ही पुढे इमारतींनाही वापरत होतो, आणि मोटारींच्या साच्यात जमीन असते गुळगुळीत, आरशासारखी. तोंडातून आलेला शहरी वारा त्या गुळगुळीत जमिनीवरून सरकत सरकत इमारतींपाशी पोचेपर्यंत निवून जायचा. त्यातले भोवरे वाटेतच विरायचे. आणि चित्र हिरवंगार.

हे पकडायची एक साधी रीत आहे. मला ती शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, आधी खोकं रिकामं चालवा. एकही इमारत नको. जो वारा आत सोडला तोच बाहेर आला पाहिजे. वाटेत काही नाहीच, तर त्याने बदलायचं कारण काय? कंटाळवाणं काम आहे. त्याचं चित्र कोणी भिंतीवर लावत नाही. मी ते केलं, आणि जिथे इमारती यायच्या होत्या त्या जागी येईस्तोवर वाऱ्यातली बरीचशी खळबळ गायब झालेली दिसली. मी पुन्हा केलं. तेच.

सलीलला दाखवलं. त्याने खुर्ची मागे केली, चष्मा काढला, डोळे चोळले. “अगं वैशाली, क्लायंट रिकाम्या खोक्याचे पैसे देत नाही.”

“देत नाही, बरोबर आहे. पण आपलं उत्तर चुकलंय.”

“चुकलंय कुठे? सरासरी वेग बघ. उलट गुळगुळीत जमिनीवर तो थोडा जास्तच येतोय, तरीसुद्धा मर्यादेत आहे. रिपोर्टमध्ये आपण सरासरीच लिहितोय. खोटं काय बोललो?”

“सरासरी वाऱ्याने कोणी पडत नाही,” मी म्हणाले. “झोताने पडतं. आणि झोत आपल्या खोक्यात मरून पडलेत.”

तो हसला. माझं वाक्य त्याला आवडलंही असावं. मग म्हणाला, चित्रं आधीच वास्तुविशारद बाईंकडे गेलीत, त्यांनी ती बिल्डरला दाखवलीत, आता जमीन खडबडीत करून पुन्हा चालवायचं तर खोक्यातली गणिताची जाळी नव्याने विणावी लागेल, तारीख हुकेल, आणि वाट तांबडी निघाली तर भोजनगृहाचं दारच फिरवायची वेळ येईल. “आपला वकूब किती, आपण बोलायचं किती. हे सगळं मॉडेलच आहे शेवटी. तू पण उद्या अंदाजच देणार ना?”

देणार ना, अंदाजच देणार. त्याचं ते बोलणं मला अजून टोचतं, कारण ते अर्धं खरं होतं. आमच्या धंद्यात अज्ञानाला लपायला फार छान जागा आहेत. खळबळीचं कोडं कोणालाच पूर्ण सुटलेलं नाही, मग माझं तरी काय चुकलं, असं म्हणून हात झटकता येतात. पण ज्याला कोणालाच येत नाही ते न येणं वेगळं, आणि आपल्याला येतंय पण करायचं नाही, ते वेगळं. पहिल्याला मी आयुष्यभर हात जोडेन. दुसऱ्याची मला तिडीक आहे, आणि ती जाणार नाही.

त्या दिवसांत सगळीकडे मला तो थर दिसायचा. कॅबच्या काचेवर पावसाचे थेंब चिकटलेले, गाडी वेगात असूनही जागचे न हलणारे. भाजीवाल्याच्या ताडपत्रीखाली शिरून तिला फुगवणारा वारा. पतंग हातभर उंचीवर गटांगळ्या खातो आणि एकदा का वरच्या वाऱ्याला लागला की स्थिर होतो, ते बघत मी आमच्या गल्लीतल्या मैदानाशी उभी राहायची. खालीच सगळा गोंधळ असतो. जिथे आपण राहतो, चालतो, म्हातारे होतो, तिथेच वारा सर्वांत बेभरवशाचा असतो, आणि नेमकं तिथलंच गणित आम्ही उरकून टाकत होतो. आई फोनवर म्हणाली, “वारा पाहून पाठ द्यावी बाई. नोकरी हाये.” आईने आयुष्यभर तसंच केलं. शाळेतल्या नोकरीत, सासरी, सगळीकडे. मी तिला म्हणाले, “तू दिली ना पाठ? काय मिळालं?” ती म्हणाली, “पेन्शन,” आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

खालच्या अंगणात अक्का लोणच्याच्या बरण्या पुसत होती, तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “पण पोरी, वारा येतो, जातो. त्याला पेटीत कशाला घालतेस?” मी म्हटलं, त्या वाटेने म्हातारी माणसं जेवायला जाणार आहेत अक्का. यावर मात्र ती पुसायची थांबली. “जेवायला?” म्हणाली. “मग सांगायला पाहिजे.” बस, एवढंच. तिला सरासरी आणि झोत यातलं काही कळलं नसेल, पण जेवायला जाणाऱ्याला अडवू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बैठक ऑफिसातच झाली. बिल्डरची माणसं, वास्तुविशारद बाई, सलील, मी. चित्रं पडद्यावर मी दाखवायची होती, बोलायचं सलीलने. मी पहिलं चित्र लावलं ते रिकाम्या खोक्याचं. बाईंनी विचारलं, “बिल्डिंग कहाँ है?” मी सांगितलं, नाहीये, आणि का नाहीये, वारा वाटेत कसा बदलतो आणि त्यामुळे पुढच्या हिरव्या चित्रांवर माझा विश्वास का नाही, तेही सांगितलं. हिंदी माझं चांगलं आहे, नागपूरची आहे मी. जमीन शहरासारखी खडबडीत करून पुन्हा चालवू द्या म्हटलं. बाईंच्या कपाळावर एक आठी आली. मला वाटतं त्यांना समजलं होतं. बिल्डरच्या माणसाने सलीलकडे बघून विचारलं, “तो आपकी टीम में ही सहमती नहीं है?” ते वाक्य माझ्या नोकरीवर शेवटची माती टाकून गेलं.

नंतर कँटीनमध्ये सलीलने मला कॉफी आणून दिली. रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते जास्त कठीण असतं. “मला आधी सांगितलं असतंस.”

“सांगितलं होतं.”

“म्हणजे, हे चित्र दाखवणार आहेस हे.”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हो. नाहीच म्हणालो असतो.” कपातला फेस तो चमच्याने ढवळत बसला. “तू बरोबर असशील, वैशाली. पण असं नसतं करायचं.”

मग कसं असतं करायचं, हे विचारायचं माझं राहून गेलं. अजूनही कोणी मला ते सांगितलेलं नाही. काम दुसऱ्याकडे दिलं गेलं, रिपोर्टवरून माझं नाव गेलं, हिरवी चित्रं होती तशीच पुढे गेली. मला पुढचे काही आठवडे कुठल्याशा प्रकल्पातल्या पाइपांचे कोपरे मिळाले. गणपतीच्या आधी मी राजीनामा दिला. निरोपाचा केक कापताना सलील म्हणाला, “गुड लक,” आणि मनापासून म्हणाला. मी केक खाल्ला. छान होता.

लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का. कशाचा व्हावा? तेव्हापासून घरूनच कामं करते, छोटीमोठी. रुग्णालयातल्या खोलीत हवा कुठून कुठे जावी, कारखान्याच्या चिमणीचा धूर शेजारच्या शाळेवर उतरेल का, असली. अडला हरी होऊन काही वेळा कंटाळवाणी कामंही करते. पण माझ्या प्रत्येक अहवालाचं पहिलं चित्र रिकाम्या खोक्याचं असतं. पुष्कळ जण पानं उलटून पुढे जातात. जाऊ देत. मी ते पान काढत नाही.

अक्काने घर विकलं त्याला आता दोनेक वर्षं झाली. मुलगा परदेशात, गुडघे थकलेले. एका संध्याकाळी तिचा फोन आला, सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणून टाकलंय, जागा पक्की झाली. कुठे ते तिने सांगितलं आणि माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. तीच वसाहत. “अक्का, तिथे नको,” मी म्हणाले. “तिथला वारा मी सांगितला होता ना तुला?” तर म्हणते, “तूच सांगितलंस की गं. दोन बिल्डिंगा, मधे झाडं, जेवण तयार, डॉक्टर आत. तेव्हापासून मनात होतं. वारा काय, आषाढात सगळीकडेच असतो.” महिनाभर रोज मी तिच्यापुढे त्या जागेची चित्रं काढली होती, भांडण माझं मला लक्षात राहिलं, तिला झाडं राहिली.

या आषाढात मी तिला भेटायला गेले. सकाळपासून वारा पिसाळलेला होता. अक्का बारीक झालेली दिसली. साडीच्या निऱ्या सैल. मी विचारलं, जेवत नाहीस का? “जेवते की. दुपारी जाते. रात्री स्वल्प केळं खाते, बस.” का? तिने खिडकीकडे हनुवटी केली. आषाढ-श्रावणात रात्री तिकडे कोणीच जात नाही म्हणाली, तिच्या मजल्यावरचे सगळे जण केळ्यांवर आणि ब्रेडवर भागवतात. मॅनेजरला सांगितलं का? सांगितलं, तो म्हणतो रिपोर्ट आहे, सगळं ठीक आहे.

दुपारची घंटा झाली तशी आम्ही खाली उतरलो. त्या वाटेवर मी पहिल्यांदाच उभी राहिले. झाडं लावली होती, सगळी एकाच दिशेला वाकलेली. आणि भिंतीच्या कडेने, खांबाखांबाला गाठी मारत, निळी नायलॉनची दोरी भोजनगृहाच्या दारापर्यंत नेलेली. राहणाऱ्यांनी स्वतःच बांधली होती. एक गृहस्थ डोक्यावरची टोपी दातात धरून, दोन्ही हातांनी दोरी पकडून पावलं टाकत होते. झोत आला की थांबायचे, गेला की निघायचे. मागे रांग. अक्काने सवयीने दोरीला हात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “विहिरीतल्या बादलीसारखी जाते-येते बघ रोज.” ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचा मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता.

मी मॅनेजरकडे गेले. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, औसत स्पीड लिमिट में है।” कोणाची तरी भाषा पाठ केलेली. मी तिथेच सांगितलं, की याचं गणित मी पुन्हा करून देते, फुकट, माझ्या नावाने. तो म्हणाला, जरूर, वरती पाठवतो. वरती म्हणजे कुठे ते मला ठाऊक होतं. ते गणित आता माझ्या घरी चालू आहे. रिकामं खोकं झालं, बरोबर आलं, इमारती काल उभ्या केल्या. पण त्या दुपारी माझ्याकडे गणित नव्हतं. मी परत आले तर अक्का दोरी सोडून खोल्यांच्या इमारतीच्या दालनात सोफ्यावर बसलेली. बाकीच्यांना कानडीत काहीतरी सांगत होती. एकेक जण बसत गेला. टोपीवाले गृहस्थ अर्ध्या वाटेतून परतले.

“काय चाललंय अक्का?”

“भूक लागलीय,” ती म्हणाली. “जेवण इकडे आणायला सांगितलंय.”

तिकडून निरोप आला, अशी सोय नाही. अक्काने निरोप पाठवला, मग आम्ही बसतो. कोणी आवाज चढवला नाही. कोणी जपमाळ काढली, कोणी पेपर. भोजनगृहात ताटं मांडलेली आणि माणूस नाही. बऱ्याच वेळाने काचेच्या दारातून मॅनेजर स्वतः येताना दिसला, पुढे एक वाढपी सांबाराची गाडी ढकलत, हा मागे भाताचं पातेलं धरून. वाटेच्या मध्यावर त्यांना झोताने गाठलं. पातेल्यावरचं झाकण उडालं आणि फरशीवर खणखणत झाडांत गेलं. गाडी तिरकी झाली. मॅनेजरने पातेलं एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने, खाली न बघता, दोरी पकडली.

दालनातले सगळे ते बघत होते. तो आत आला, केस उभे, शर्टावर भाताची पेज. पातेलं टेबलावर ठेवून उभा राहिला. अक्काने ताट पुढे केलं, त्याने वाढलं. पहिला घास घेण्याआधी ती त्याला कानडीत म्हणाली, “उद्यापण इकडेच आण.”